खालच्या बांधापलीकडे

१

ब्रॅक्सहोपची शीवफेरी किती जुनी, हे गावात विचारू नये. दोन म्हातारे एकत्र असले तर तीन आकडे मिळतात आणि चौथ्यावरून भांडण लागतं. जूनचा दुसरा शुक्रवार उजाडला की सव्वाशे-दीडशे घोडी चौकात जमतात. एका बिनलग्नाच्या तरण्या पोराला गावाचं निशाण देतात, त्याला वर्षभर निशाणदार म्हणतात, आणि त्याच्यामागून सगळे जण गावाच्या शिवेवरून फेरी मारून चहाच्या वेळेला परत येतात. पाच ठिकाणी उतरून फावड्यानं हिरवळीचा चौकोन कापायचा आणि तो तुकडा उलटा करून गावाच्या बाजूला ठेवायचा. इथपर्यंत आपलं, असा त्याचा अर्थ.

ह्या पाचातलं चौथं ठिकाण म्हणजे एल्स्पेथ रदरफर्डचं अंगण. घराचं नाव लँगसाइक. गावापासून चार मैल वर, आणि त्याच्यामागे नुसता डोंगर. तिथली रीत थोडी वेगळी. कापण्याआधी फेरीचा म्होरक्या खोगिरावरूनच विचारणार, "हे घर कुणाचं?" घरच्या माणसानं सांगायचं, "ब्रॅक्सहोपचं." मग निशाणदाराला लाकडी वाडग्यातून चक्का आणि साय खायला द्यायची. एल्स्पेथनं हे पस्तीस वर्षं केलं होतं. दर वर्षी ती कुरकुरायची, की एवढ्या घोड्यांची लीद काय तुमचा तो निशाणदार उचलणार आहे? आणि दर वर्षी बुधवारीच दुधाला विरजण लावायची.

यंदाही लावलं. नवऱ्याला, गिबला, दाढी करून, स्वच्छ सदरा घालून खिडकीशी बसवलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तरुणपणी तो स्वतः निशाणदार होता. घोडी फाटकाशी आली की त्याचा डावा डोळा वाहायचा, आणि एल्स्पेथ तो पुसून म्हणायची, झालं तुझं सुरू.

अकरा वाजता येतात. साडेअकरापर्यंत कुणी आलं नाही. मग ती बाहेर गेली आणि तिला खाली, अर्ध्या मैलावरच्या दगडी बांधाशी सगळी घोडी दिसली. निशाण दिसलं. कुणीतरी उतरून हिरवळ कापत होतं. मग निशाण डावीकडे वळलं, त्यामागे सगळी रांग वळली आणि उतरणीआड गेली. वर कुणी बघितलंसुद्धा नाही.

वाडगं हातात घेऊन ती बराच वेळ फाटकात उभी राहिली. तिला फार अपमान वाटला. आत गिब खिडकीतून बघत होता. त्याचे दोन्ही डोळे कोरडे होते.

२

संध्याकाळी तिनं दिराला फोन लावला. डँडी, गिबचा धाकटा भाऊ, फेरीचा म्होरक्या तोच. त्यानं आधी घसा खाकरला. मग सांगितलं की वरची दलदल यंदा फार मऊ आहे, मागच्या वर्षी एका मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं, विम्याची माणसं ऐकत नाहीत. मंगळवारी बैठकीत ठरलं, चौथा चौकोन खालच्या बांधाशी कापायचा.

"आणि मला सांगायला कुणाची जीभ झडली होती?" एल्स्पेथनं विचारलं.

"राहून गेलं गं वहिनी. ह्या वर्षापुरतंच आहे."

"हात कोणी वर केले?"

डँडी पुन्हा दलदलीबद्दल बोलायला लागला. म्हणजे ह्यानंही वर केला होता. तिनं फोन आपटला आणि चक्का कुत्र्याला घातला. कुत्र्यानं तो हुंगला आणि तोंड फिरवलं. ती म्हणाली, बरोबर आहे, तूही त्यातलाच.

रविवारी चर्चची घंटा ऐकू आली नाही. वारा उलटा असेल. सोमवारी नर्स आली नाही. बेथिया नावाची गोल चेहऱ्याची बाई, दर सोमवारी आणि गुरुवारी येऊन गिबला अंघोळ घालायची आणि एल्स्पेथला गावभरच्या चहाड्या सांगायची. दवाखान्यात फोन केला तर तिकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली की ह्या नावाचा पेशंट यादीत नाही, पत्ता पुन्हा सांगता का? एल्स्पेथनं तीनदा सांगितला. मुलगी म्हणाली, बघून कळवते. संगणकानं काहीतरी गोंधळ घातला असणार.

मंगळवारी टपालाची लाल गाडी खालच्या बांधापर्यंत आली, थांबली आणि वळून गेली. तिनं हात केला होता. गाडीतल्या माणसाला ती दिसायला हवी होती, एवढं ऊन होतं. नवा असेल कुणी. त्याच दुपारी तिचा कुत्रा खाली पळत गेला तो आलाच नाही. कुत्री जातात कधीकधी.

अशी प्रत्येक गोष्टीची समजूत घालता येत होती, आणि ती घालत होती. भुताखेतांच्या गप्पांना तिनं आयुष्यात कधी भीक घातली नव्हती. पण मंगळवारी संध्याकाळी गिबला लापशी भरवताना तिच्या लक्षात आलं की शुक्रवारपासून ह्या घरात तिच्याशिवाय कुणाचा आवाज झालेला नाही, आणि तिनं चमचा खाली ठेवला.

३

बुधवारी दुपारी ती चादरी वाळत घालत होती. टापांचा आवाज आधी पायांना कळतो, कानांना नंतर. पस्तीस वर्षांच्या सवयीनं तिला आनंदच झाला. आले म्हणजे. लाज वाटली असेल मेल्यांना, आता उशिरानं का होईना आले. तिनं चिमटे खिशात टाकले आणि फाटकाकडे गेली.

फाटकाशी कुणी नव्हतं. आवाज घराच्या मागून येत होता. डोंगराकडून.

तिकडे वाट नाही. कधीच नव्हती. दगडी भिंत, तिच्यावर गवताचा चढ आणि त्याच्यावर काळं झुडूप. आवाज भिंतीच्या पलीकडून, भिंतीला लागून चालला होता. एखाददुसरं घोडं नव्हे, घोळका. लगामांची बारीक खुळखुळ, चामड्याची करकर, मध्येच एक घोडं फुरफुरलं. माणसाचा आवाज मात्र एकही नाही. शीवफेरीत माणसं गप्प बसत नाहीत, थट्टा चाललेली असते, गाणी चाललेली असतात.

आणि आवाज उलट्या अंगानं चालला होता. गावची फेरी शीव डाव्या हाताला ठेवून, सूर्याबरोबर जाते. लहान पोरही चुकत नाही. हे उजवीकडून डावीकडे चालले होते.

भिंत छातीएवढी होती. पलीकडे घोडा असता तर त्याचं डोकं दिसलं असतं, स्वाराचं अंग दिसलं असतं. तिला फक्त आकाश दिसत होतं आणि चादरी. अंगणापलीकडच्या मेंढ्या एका ओळीत, डोंगराकडे पाठ करून उभ्या होत्या. वाऱ्याला मेंढी पाठ करते, हे खरं. वारा नव्हता.

आवाज खाली उतरत गेला आणि बांधाच्या बाजूला थांबला. एल्स्पेथ घरात गेली, दार लावलं, गिबच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि त्याचा गेलेला उजवा हात दोन्ही हातांत धरला. कुणाचा तरी धरायला हवा होता. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की त्या हातानंही तिचा हात धरलेला आहे.

४

डॉक्टर म्हणाले होते, हा हात परत येणार नाही. आला तर आनंद व्हायला हवा होता. झालाही. ती रडली, त्याच्या बोटांचे मुके घेतले. आणि आनंदाच्या तळाशी जे होतं त्याची तिला इतकी लाज वाटली की तिनं स्वतःला दोन शिव्या दिल्या. नवरा बरा होतोय, आणि तुझ्या अंगावर काटा येतोय?

पण गुरुवारी सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं लापशी खाल्ली, तेव्हा तो फाटकाकडे बघत नव्हता. खुर्ची फिरवून डोंगराकडच्या खिडकीशी बसला होता. खुर्ची कुणी फिरवली, हे तिनं विचारलं नाही.

ती खालच्या बांधाशी जाऊन आली. बघून येऊ, एकदाचं मन निवेल, असं तिला वाटलं. डँडीच्या लोकांनी कापलेला चौकोन तिथे होता, सहा दिवसांत कडा सुकल्या होत्या, उलटा तुकडा रीतीप्रमाणे खाली, गावाच्या बाजूला ठेवलेला. आणि त्या चौकोनाला खेटून दुसरा चौकोन होता. ताजा. माती अजून ओली. त्याचा तुकडाही कुणीतरी नीट उलटा करून ठेवला होता, पण वरच्या बाजूला.

तिच्या घराच्या बाजूला. म्हणजे ज्यानं कापला, त्याचं गाव इकडे होतं.

ती तिथे उभी राहून विचार करत होती. पोरांनी चेष्टा केली असेल. पोरांशिवाय असले उद्योग कोण करणार? पण हातभर खोल, चारही कोपरे काटकोनात, असा चौकोन कापता यायला डँडीला वीस वर्षं लागली होती. हा त्याच्याहून सरस होता. पलीकडे, बांधाच्या गावाकडच्या अंगाला, तिचा कुत्रा बसला होता. तिनं शीळ घातली. तो अनोळखी माणसावर गुरगुरावं तसा गुरगुरला.

दुपारी ती गोठ्यात होती, तेव्हा घोडी अंगणात शिरली. ह्या वेळी मागून नव्हे, थेट अंगणात. टापा दगडांवर वाजल्या, थांबल्या. आणि एका आवाजानं विचारलं, "हे घर कुणाचं?"

आवाजात भिण्यासारखं काही नव्हतं, हेच वाईट होतं. साधा, थकलेला, लांबून आलेल्या माणसाचा आवाज. एल्स्पेथच्या जिभेवर उत्तर आलंही, पस्तीस वर्षांची सवय होती. ते ओठांतून निघायच्या आत दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं. मोकळ्या, खणखणीत आवाजात. दोन वर्षांत तिनं तो ऐकला नव्हता. गिबनं एका गावाचं नाव घेतलं. तिनं ते नीट ऐकलं, आणि ते ब्रॅक्सहोप नव्हतं. असं गाव ह्या डोंगरात नाही.

ती धावत कोपऱ्यावरून पुढे आली. अंगण रिकामं होतं. गिब दाराशी, बाकावर बसला होता. एकटा, ताठ. त्याच्या मांडीवर लाकडी वाडगं होतं, जे तिनं शुक्रवारी धुऊन वरच्या फळीवर ठेवलं होतं. त्यात चाटूनपुसून खाल्ल्याच्या खुणा होत्या, आणि वास दुधाचा नव्हता. पावसात भिजलेल्या मातीचा होता.

"एल्सी," तो म्हणाला, "उद्या येतायत. सगळे."

५

शुक्रवारी सकाळी तिनं गिबला गाडीत घालायचं ठरवलं. खालच्या बांधापलीकडे नेलं की सुटलो, पुढचं पुढे बघू. ह्या माणसाला तिनं दोन वर्षं उचलून बसवलं, उचलून झोपवलं होतं. वजन राहिलं नव्हतं त्याला. आज त्यानं उजव्या हातानं दाराची चौकट धरली आणि तिला ती बोटं सोडवता आली नाहीत. तिनं विनवलं, रागावली, मग त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला आणि म्हणाला, मला इथं बरं वाटतंय. खोटं बोलत नव्हता तो.

आता एकच उपाय तिला दिसत होता. डँडीनं यावं, घोड्यावरून यावं, फाटकाशी तो प्रश्न विचारावा, तिनं उत्तर द्यावं, आणि त्यानं चौकोन कापून तुकडा गावाच्या बाजूला ठेवावा. घर परत गावात घ्यावं, आणि घराबरोबर गिबला. वेडेपणा वाटत असला तर वाटो.

ती एकटीच गाडीनं खाली गेली. गावात बेकरीतल्या बाईनं तिला विचारलं, फिरायला आलात का? ह्या बाईच्या लग्नात एल्स्पेथ नाचली होती. ती थेट डँडीच्या तबेल्याकडे गेली. डँडी खरारा करत होता. त्यानं मान वर केली, आणि नाव ओठांवर आहे पण आठवत नाही, असा चेहरा करून तो तिच्याकडे बघत राहिला. मग एकदम त्याचं तोंड उजळलं.

"अगं वहिनी! आज इकडे कुठे?"

तिनं सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. हात वर केला होता ते त्याला टोचत असणार. त्यानं भिंतीवरचं फावडं घेतलं, स्वतःचा घोडा काढला आणि तिला जुनी शांत घोडी दिली.

पहिल्या मैलात तो गिबबद्दलच बोलत होता. गिबनं पाद्र्याची सफरचंदं चोरली आणि मार ह्यानं खाल्ला, ही गोष्ट त्यानं शंभराव्यांदा सांगितली आणि एल्स्पेथला बरं वाटलं. दुसऱ्या मैलात तो म्हणाला, तुझ्या नवऱ्याची तब्येत आता कशी आहे? तिला वाटलं, चुकून म्हणाला. तिसऱ्या मैलात तो मधूनमधून हातातल्या फावड्याकडे बघत होता. चौथ्या मैलात म्हणाला, "घोडी छान चालवता हो तुम्ही."

ती त्याला हाका मारत राहिली. डँडी, डँडी. तो सभ्यपणे हसत होता. खालच्या बांधाशी दोन्ही घोडी थांबली, आणि टाच मारली तरी पुढे होईनात. एल्स्पेथ उतरली आणि तिनं त्याची रिकीब धरली.

"अर्धा मैल राहिलाय. उतर, पायी चल. नुसता एकदा विचार, हे घर कुणाचं."

"कुठलं घर?"

"ते. तुझ्या समोरचं."

डँडीनं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. धुराड्यातून धूर निघत होता. चादरी अजून दोरीवर होत्या.

"वर कुणी राहत नाही, बाई," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "आमची शीव इथपर्यंतच. तुम्ही वाट चुकलात का?"

"गिब तुझा भाऊ आहे, डँडी."

त्याचे ओठ हलले. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली की माणूस काम थांबवून कान देतो, तसा तो क्षणभर थांबला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते का, हे त्याला कळत नव्हतं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"मला भाऊ नाही हो," तो म्हणाला.

मग त्यानं तिच्या हातातून घोडीचा लगाम हलकेच काढून घेतला, टोपीला हात लावला आणि खाली निघाला.

६

खाली गेली असती तर काय झालं असतं? गाव दिसत होतं. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं, पण माणसं होती, ऊन होतं, बेकरी होती. एखाद्या खोलीत राहिली असती, लोकांनी चौकशी केली असती, आणि थोड्या दिवसांनी तिलाही आठवलं नसतं की आपण कुणाला टाकून आलो. हेच तिला सहन होईना. गिबला विसरलेली एल्स्पेथ. ती बांध ओलांडून वर चालायला लागली.

अकरा वाजत आले होते. अर्ध्या वाटेवर तिला टापा ऐकू आल्या. डोंगरावरून, दोन्ही बाजूंनी, पुष्कळ. तिनं पावलं भरभर उचलली. माझ्याआधी पोचू नका, एवढंच ती पुटपुटत होती.

ते आधी पोचले होते. फाटकाशी आली तेव्हा अंगण भरलेलं होतं. घोड्यांच्या अंगाची ऊब तिच्या तोंडावर आली. ह्या वेळी ते दिसले असते, तिला ठाऊक होतं, नुसती मान वर करायची होती. तिनं ती केली नाही. तिनं जमिनीकडे बघत वाट काढली. टापांना काळं शेवाळ लागलेलं होतं, पावसाचं टिपूस नसताना घोड्यांचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते, एकाही टापेला नाल नव्हती. रिकिबीतले पायही दिसले, आणि ते बघितल्यावर तिनं डोळे मिटले आणि हातांनी चाचपडत पुढे गेली.

कुणी तिला अडवलं नाही. उलट घोडी बाजूला झाली. घरच्या बाईला द्यावी तशी त्यांनी तिला वाट दिली.

दार उघडं होतं. आत गिब कुणाशी तरी बोलत होता, हसत होता. एल्स्पेथनं उंबऱ्याशी येऊन त्याला हाक मारली. त्यानं लगेच ओ दिली, तिच्या नावानं, प्रेमानं. ती आत गेली, आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.